वाचणाऱ्याचा वाटा

आमच्या निपाणीच्या घराला पुढच्या बाजूला, दारातून आत येताच, एक सोपा होता आणि त्या सोप्याला स्वतःचा आवाज होता. तो कात्रीचा. कोरड्या कागदावर कात्री कुरकुरते. भिजवलेल्या विडीच्या पानावर ती दबकत चालते, एखादी म्हातारी दात नसलेल्या तोंडाने सुपारी चघळते तशी. दुपारी जेवणे आटोपली की गल्लीतल्या बायका आपापली सुपे घेऊन आमच्याकडे येत, भिंतीला पाठी लावून बसत, सूप मांडीवर घेत, आणि मग त्या पाचसहा कात्र्यांचा मिळून जो आवाज होई तो मला आजही, कचेरीच्या आवारात ऊन कलू लागले की, कुठून तरी ऐकू येतो. मी मान वर करून पाहतो. तिथे फक्त झेरॉक्सच्या दुकानातले यंत्र चालू असते.

आज तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली माझे टेबल आहे. इकडे कोगनोळीपासून तिकडे चिकोडीपर्यंतची माणसे माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात, मराठीतही आणि कन्नडमध्येही. काही वकीलमंडळी आपला मसुदा गुपचूप माझ्या नजरेखालून घालून नेतात; त्यांची नावे मी सांगणार नाही. या लेखणीचा पाया शाळेने घातला असा कोणाचा समज असल्यास तो मी येथे दूर करतो. शाळेने मला दहावीच्या उंबरठ्यावरूनच निरोप दिला. वाक्य कोठे उचलावे, कोठे टेकवावे, ऐकणाऱ्याचा श्वास कोठे अडकतो, हे मी त्या सोप्यात शिकलो, कारण त्या बायकांना कादंबऱ्या वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते.

विड्या वळणाऱ्या घरात रिकामे हात कोणाला परवडत नाहीत. वळलेल्या विड्यांची तोंडे पोरांनी मोडून बंद करायची, ही रीत. पण माझे हात पुस्तकात अडकलेले असत, म्हणून आईचे काम मागे पडे. त्याची भरपाई बायकांनी आपणच शोधून काढली होती. संध्याकाळी उठताना प्रत्येक बाई आपल्या सुपातल्या मूठभर विड्या आईच्या सुपात टाकी. याला ‘वाचणाऱ्याचा वाटा’ म्हणत. तो कोणी मागत नसे आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे. पण त्यातून सगळे कळे. कथानक रटाळ असले की मूठ बारीक होई, आणि त्या दिवशी सगळ्यांना पदर डोळ्यांना लावायला लागला असला की मूठ फुगे. एवढा प्रामाणिक अभिप्राय माझ्या लिखाणाला त्यानंतर कोणत्याही साहेबाने दिलेला नाही.

पुस्तके सदा आणि मी मिळून आणत असू. सदा म्हणजे शेजारच्या गंगूमावशीचा मुलगा, माझ्याच वर्गातला, माझ्याहून हुशार. हे मी आज मोकळेपणाने लिहितो. तेव्हा लिहिले नसते. बसस्थानकाच्या बाजूला भाड्याने पुस्तके देणारे एक वाचनालय होते. तिथला मालक ज्या पुस्तकांना ‘पोरांच्या कादंबऱ्या’ म्हणे, त्यांना अलीकडे ‘यंग अडल्ट’ म्हणतात असे बेळगावात कॉलेजला असलेल्या माझ्या कन्येकडून कळते. वय सोळा-सतरा, घरात कोणी समजून घेत नाही, एक चांदणी रात्र, एक चुकलेले प्रेम, अशी ती पुस्तके. तंबाखूच्या वखारीच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला ठसका लागावा अशा त्या वासात, आम्ही ती चाळत बसायचो. खिशात चुरमुरे असत. सदा शेवटचे पान आधी वाची. मला ते मुळीच मान्य नव्हते. वाचणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या पुढे एक पाऊलही जाऊ नये, तरच आवाजात खरेपणा येतो, हा माझा नियम होता.

“शेवट सांगू?” तो विचारी.

“जीभ हासडीन.”

“आरं, निदान मरतंय का जगतंय एवढं तरी ऐकून घे. बायका रडायला लागल्या की विड्या ढिल्या हुत्यात, मग कारखान्यावर त्या छाटून टाकत्यात. तुझ्या आईच्या शिव्या मला खायला लागत्यात.”

त्या कादंबऱ्यांत बहुतेक वेळा मरतच असे. एकदा असेच एक पुस्तक मिटून सदा म्हणाला, “बाळू, पुस्तकात पोरगं मेलं की समद्या गावाला अक्कल येती बघ. मास्तर रडतोय, बाप रडतोय, जी पोरगी नको म्हणाली ती बी रडतीया. जित्या माणसाला मातर कोण इचारत न्हाय.” आम्ही दोघेही हसलो. चुरमुरे संपले होते, म्हणून उठलो. ते वाक्य मला तेव्हा गमतीचेच वाटले, आणि त्याला हसल्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. वखारीच्या पायरीवर दोन पोरे हसणारच. मला फक्त ते हसणे पुन्हा ऐकायचे आहे.

दहावीच्या निकालाच्या आठवड्यात सदा गेला. त्याने आपला जीव आपल्या हाताने संपवला. कसा, हे मी लिहिणार नाही. त्याने कोणाचे भले होत नाही. का, ते मला माहीत नाही. लोकांनी ते निकालावर ढकलले. पण निकाल माझाही तोच लागला होता, कन्नडच्याच पेपरात मीही नापास झालो होतो, आणि मी आज हे लिहितो आहे. इतक्या मोठ्या गोष्टीचे एकच कारण सांगणारा मनुष्य, मग ते अर्जात असो की आयुष्यात, घाईत असतो एवढेच मी अनुभवाने म्हणेन.

कादंबरीतल्यासारखे काही झाले नाही. गावाला अक्कल आली नाही. मास्तर आले नाहीत. सदाचे चुलते तुकाअण्णा दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “ताप आलता. डोसक्यात गेला.” आणि येणारा प्रत्येकजण “व्हय, व्हय, ताप वाईट” म्हणून मान हलवी आणि कोपऱ्यावर जाऊन दुसरेच बोले. घरात सदाची थोरली बहीण सुमन लग्नाची होती. तिचे जमेपर्यंत सदाचे नाव उंबऱ्याबाहेर काढायचे नाही, असे तुकाअण्णांनी बजावले. भिंतीवर फोटो लागला नाही. हळदीकुंकवाला बायका त्या दारावरून पुढे जाऊ लागल्या. नळावर गंगूमावशी आली की घागरींची रांग जराशी सरके, पाण्यात तेलाचा थेंब पडल्यावर पाणी सरकते तशी. त्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येई, कात्रीचा येई, माणसाचा येत नसे.

असे किती महिने गेले ते मला सांगता येणार नाही. एके दुपारी आई सूप घेऊन थेट त्यांच्या घरात शिरली. मी मागे होतो. आई म्हणाली, “गंगू, माझी पानं लई भिजल्यात. एकटीच्यानं सरायची न्हाईत, कुजून जातील. चल.” ही शुद्ध थाप होती. आईची पाने कधी जास्त भिजत नसत. गंगूमावशी आपली कात्री शोधू लागली. आईने त्याआधी सोप्यातल्या बायकांना ताकीद दिली होती की पोराचे नाव कोणी काढायचे नाही. गंगूचा जीव आधीच अर्धा झालाय.

त्या दिवसांत मी जे पुस्तक वाचत होतो त्याला कव्हर नव्हते, त्यामुळे त्याचे नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हते. नायक शेखर, पुण्याचा, कॉलेजातला, बासरी वाजवणारा आणि सतत खिडकीत बसणारा. गंगूमावशी आल्यावर मी पुस्तक बदलायला हवे होते, असे आज कोणी म्हणेल. पण ते अर्ध्यावर आले होते, आणि बायकांना शेखरचे पुढे काय होते याची ओढ लागली होती. शेवटचे पान आधी वाचून मला सावध करणारा माणूस आता नव्हता. त्याची उणीव मला तोवर शाळेत, वखारीच्या पायरीवर, वाचनालयाच्या दारात जाणवली होती. पुस्तकाच्या आतही ती असेल हे माझ्या लक्षात आले नव्हते.

त्या दिवशी आईने सगळ्यांना आंबील दिली होती, ताकातली, वरून लसूण कुटून घातलेली. वाट्या भिंतीशी रिकाम्या पडल्या होत्या. शेखर पुन्हा खिडकीत जाऊन बसला तशी हौसाबाई, साठीची असूनही सोप्यातली सगळ्यात वात्रट बाई, कात्री आपटून म्हणाली, “ह्येला कुणी कामाला लावा की गं! एक सूप द्या मांडीवर, दोन दिसांत ताळ्यावर येतंय बघा.”

“तुझ्याकडंच पाठवूया,” शांताकाकू म्हणाली.

“पाठव. बासरीनं जर्दा ढवळाय लावते त्याला.”

सगळ्या हसल्या. गंगूमावशीच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. आईने ते पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. तिचा चेहरा उजळला होता. मी पान उलटले. आणि माझी नजर, नियम मोडून, दोन ओळी पुढे गेली.

मी थांबलो. पुढे काय आहे ते मला दिसले होते. बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी घसा खाकरला आणि वाचू लागलो, पण आता जे वाचत होतो ते त्या पानावर नव्हते. मी शेखरला खिडकीतून उठवले. त्याला कोल्हापूरच्या गाडीत बसवले. त्याला एक मामा दिला, मामाला मटणाचा रस्सा करणारी मामी दिली, आणि मामाच्या तोंडी “आरं पोरा, बोल की काय झालंय ते” असे वाक्य घातले. पुण्याचा शेखर माझ्या तोंडून कधी निपाणीचे बोलू लागला ते मला कळले नाही. माझ्या आयुष्यातला तो पहिला स्वतंत्र मसुदा म्हणायला हरकत नाही. मी त्याला जेवू घातले, झोपवले, सकाळी उठवले. मला त्याला जगवायचेच होते, आणि तो शेखर नव्हता हे सोप्यात बसलेल्या कोणालाही सांगायला नको होते.

“बाळू,” गंगूमावशी म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचा आवाज मी ऐकत होतो. “मघाधरनं पान उलटलं न्हाईस तू.”

कात्र्या थांबल्या.

“हाय ते वाच रं.”

“गंगू, ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “उद्या दुसरं आणील.”

“वाचू दे आक्का. समदी माझ्याम्होरं खोटंच वाचत्यात.”

मग मी होते ते वाचले. शेखर गेला. पुस्तकात ते फार सुंदर लिहिलेले होते. चांदणे होते, बकुळीची फुले होती, आणि दुसऱ्या दिवशी सगळे शहर लोटले होते. वडिलांनी चूक कबूल केली. प्राचार्यांनी भाषण केले. ती मुलगी पांढरे वस्त्र नेसून आली. आई मूर्च्छित होऊन पडली, आणि कुठून तरी बासरी ऐकू आली. समाप्त. मी पुस्तक मिटले. कोणीही डोळ्यांना पदर लावला नाही.

“आणि आय?” गंगूमावशीने विचारले.

“आय बेशुद्ध पडली, मावशी.”

“ते ऐकलं. शुद्धीवर आल्यावर?”

“त्याच्या म्होरं न्हाय. संपलंय.”

“संपतंय कसं?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता; ती खरोखरच विचारत होती. “बाई शुद्धीवर यील की न्हाय कवातरी? उठल्यावर घरात काय करील? मला तर शुद्ध बी हरपली न्हाय गं. पानं भिजवून ठेवलीवती आदल्या दिशी. तिसऱ्या दिशी त्येंचा वास सुटला. मग बसले वळत. लोक म्हणले, बघा, पोरगं गेलं आणि बाई विड्या वळतीया. न वळून काय करू? माझ्या सदाचीच पानं हुती ती. त्यानंच पुसून ठेवलीवती.”

नाव उच्चारले गेले होते. आई दाराकडे पाहू लागली, कारण तुकाअण्णांचे घर समोरच होते. पण गंगूमावशी आता थांबणार नव्हती. “ताप न्हवता त्याला,” ती म्हणाली. “तुमास्नी समद्यास्नी म्हाईत हाय. तीन म्हैनं झालं ढिला पडलावता. ताटातली भाकरी निस्ती कुस्करायचा. मी म्हटलं, रुसलाय. म्हटलं, खा की रं, भाकरीला काय शाळा शिकवाय लागलायस? पोटात काय हुतंय ते इचारायचं असतंय, मला म्हाईतच न्हवतं.”

“कुणाला म्हाईत असतंय गं?” हौसाबाई म्हणाली. तिच्या तोंडी गंमत नव्हती. “आम्ही काय पोरांच्या मनात बसून विड्या वळतोय? ज्यानं त्यानं आपलंच पोट बघितलंया.”

शांताकाकू मान खाली घालून दोरा गुंडाळत होती. “नळावर मी घागर उचलून माघारी गेलते,” ती म्हणाली. “तू आलीस म्हणून.”

“बघितलं मी.”

“मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलू? ताप आलता म्हणून सांगू?”

शांताकाकू उठली, रिकाम्या वाट्या गोळा करू लागली, आणि त्या तशाच हातात घेऊन गंगूमावशीच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, येऊन बसली. मग गंगूमावशी सदाबद्दल सांगू लागली. तो आंबील पिताना आवाज करी. तो सुमनची वेणी ओढी. तो सुपाखाली पुस्तक लपवून वाची आणि विड्यांची तोंडे न बघता मोडी, तरी त्यातली एकही सुटत नसे. मला वाटे, सदा मला ठाऊक आहे. त्या दुपारी मला कळले की त्याच्या आईकडे एक वेगळाच सदा होता, आणि तो तिने एकटीने इतके दिवस सांभाळला होता.

वाचकाला ताटकळत ठेवणे मला पसंत नाही, म्हणून पुढचे येथेच नमूद करतो. गोष्ट बाहेर गेली. तुकाअण्णांनी दारात येऊन आरडाओरड केली. सुमनसाठी चिकोडीचे जे स्थळ चालले होते, त्यांनी विचारले, गंगूमावशीने खरे ते सांगितले, आणि स्थळ मोडले. वर्ष-दोन वर्षे सुमनने तिच्याशी धड बोलणे टाकले. नंतर हिंडलग्याच्या एका घरी तिचे लग्न झाले, त्यांनाही आधी खरे सांगूनच. सदाचा फोटो त्या लग्नाआधी भिंतीवर लागला. त्यानंतर गंगूमावशीच्या घरातले पहिले हळदीकुंकू शांताकाकूने केले.

माझी कन्या हल्ली जी पुस्तके वाचते ती मी सुट्टीत मुद्दाम चाळतो. फरक पडला आहे, हे मान्य केले पाहिजे. आता त्यांत आई शुद्धीवर येते. भावंडे शाळेत जातात तेव्हा वर्ग गप्प होतो, तेही लिहिलेले असते. शेवटच्या पानावर मदतीसाठी फोन क्रमांक छापलेला असतो, मन जड झाले तर येथे बोला म्हणून. तो पाहिला तेव्हा मी बराच वेळ ते पान उघडे ठेवून बसलो. शेवटचे पान आधी वाचणाऱ्या पोराला तोच पहिला दिसला असता. पण काही पुस्तकांत अजून चांदणे आहे, आणि गेलेल्या मुलाला सगळे जग शेवटी समजून घेते. अशा एका प्रकाशकाला मी रीतसर अर्ज केला की, अशा प्रकारच्या कादंबरीत घटनेनंतर किमान एक प्रकरण घरच्या माणसांचे असावे, आणि गाव कसे वागते ते खरेखुरे लिहावे. अद्याप पोच आलेली नाही. स्मरणपत्र पाठवणार आहे.

गंगूमावशी बोलली त्या दिवशी संध्याकाळी ऊन सोप्याच्या पायरीवरून खाली उतरले तेव्हा बायका उठू लागल्या. हौसाबाईने सवयीने सुपातल्या विड्या मुठीत घेतल्या आणि हात आईच्या सुपाकडे नेला. तो वाटेत थांबला. मग तो वळला आणि गंगूमावशीच्या सुपावर उघडला.

“हे काय गं?” गंगूमावशी म्हणाली. “मला कशाला? वाचलं की पोरानं.”

“त्यानं वाचलं ते संपलं,” हौसाबाई म्हणाली. “तुझं अजून हाय.”

मग शांताकाकूने आपला वाटा टाकला. एकेक करून सगळ्यांनी टाकला. सर्वांत शेवटी आईने. आणि आईची मूठ मोठी होती.

दुसऱ्या दिवशी मी नवे पुस्तक आणून ठेवले होते. बायका आल्या, सुपे मांडीवर घेतली, कात्र्या चालू झाल्या. मी पुस्तक उघडणार, एवढ्यात शांताकाकूने दोरा दातांनी तोडला आणि भिंतीकडे सरकून जागा करीत म्हणाली, “मग गं गंगू? काल सुमनच्या वेणीचं सांगत हुतीस. पुढं काय केलं सदानं?”

मी पुस्तक खाली ठेवले, आईचे सूप पुढे ओढले, आणि विड्यांची तोंडे मोडत ऐकू लागलो.